पॉलिशचा डबा आधी बाजूला ठेवा

प्रश्न असा आहे: सैन्यदलाच्या इतिहासाशी संबंधित वस्तूंचा साठा नुकताच तुमच्या ताब्यात आला आहे. तलवारी, पदकं, पितळी बिगूल, निशाणं, गणवेश, फोटो आणि पत्रं, बाहेर उघड्यावर उभी एक तोफ आणि समुद्रातून वर काढलेल्या काही लोखंडी वस्तू. नोंदवही अर्धवट आहे. वरिष्ठ पाहणीला यायच्या आत सगळं घासूनपुसून लख्ख करावं का, आणि कामाला सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

घासू नका. बाकीचं उत्तर लांब आहे, ते सवडीने वाचा; पण हे आज, आत्ता.

मी सैनिकी संग्रहांमध्ये पंचवीस वर्षांहून जास्त काम केलंय. वाळवी, कसर, बुरशी, गळकी छपरं, सगळं पाहिलं. तरी सर्वांत जास्त नुकसान ज्या दोन गोष्टींनी झालेलं पाहिलं त्या सैनिकी जीवनाचा कणा आहेत: पॉलिश आणि बदली. घासण्याने वस्तूवरची अक्षरं जातात आणि दर दोन-तीन वर्षांनी माणसं बदलल्याने तिच्याबद्दलची माहिती जाते.

एका पलटणीच्या संग्रहात तांब्या-पितळेचा एक बिगूल होता. तो कुठे वाजला, कोणी वाजवला हे सांगणारी माणसं केव्हाच निवृत्त झालेली. नोंदवहीत ‘बिगूल, जुना, १ नग’ एवढंच. दर शनिवारी एक जवान तो मन लावून घासायचा. त्याला तसा हुकूमच होता आणि तो त्याचं काम चोख करत होता. मी खोलीतले दिवे मालवले आणि बिगुलाच्या रुंद तोंडाजवळ टॉर्च अगदी आडवी धरली. तेव्हा पत्र्यावर सावल्या दिसल्या: दोन आकडे, मग थोडी मोकळी जागा, मग एका नावाचं पहिलं अक्षर. कोरलेल्या रेघेची खोली केसाएवढीही राहिली नव्हती. पुढचं नाव काही केल्या वाचता आलं नाही. कुठल्या तरी बिगूलवाल्याने आपला क्रमांक आणि नाव त्यावर कोरून घेतलं होतं आणि वर्षानुवर्षांच्या शनिवारांनी ते पुसून टाकलं. बिगुलाच्या पत्र्याला पडलेला पोचा मात्र शाबूत होता. पोचा काही घासून जात नाही.

पॉलिश म्हणजे बारीक वाळूच. दर वेळी ती धातूचा एक थर नेते आणि कोपऱ्यांत पांढरी भुकटी बसवून जाते. शिवाय पितळेच्या बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनिया असतो, आणि ताण असलेल्या पितळेला अमोनिया तडा पाडतो. ही गोष्ट लष्करानेच फार महाग शिकलीय. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजांकडे साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकायच्या. त्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला: घोड्यांच्या पागांमधल्या मुतातून येणारा अमोनिया, पावसाळी ओल आणि पुंगळी ओढून घडवताना धातूत राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. म्हणून पितळी वस्तूंच्या खोलीत अमोनियावालं फरशी पुसायचं द्रावणसुद्धा वापरू नका.

मग काय करायचं? नायट्राइलचे हातमोजे घाला, मऊ ब्रशने धूळ झटका, कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या. उघड्या हातांनी धातू धरू नका, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून कायमचे उमटतात. तांब्या-पितळेवर हिरवट कळंक भुकटीसारखा सुटत असेल तर तो रोग आहे, ती वस्तू वेगळी काढा आणि संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू शास्त्रीय पद्धतीने जपणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. काळसर-तपकिरी घट्ट थर असेल तर तो वस्तूचं संरक्षणच करतोय. मांडणीतल्या धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात पुरतो. समारंभाला चकाकता बिगूल हवाच असेल तर नवा विकत घ्या आणि तो हवा तितका घासा. मेसमधली चांदी अजून जेवणाला मांडली जात असेल, तर ती वापरातली वस्तू आहे की जपायची, हे एकदाच ठरवून लेखी ठेवा. दोन्ही एकदम होत नाही.

आता कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी एक फेरी नुसत्या डोळ्यांनी मारा. सैनिकी साठा हा इतर संग्रहांसारखा नसतो, त्यातल्या काही वस्तू मारण्यासाठीच बनवलेल्या असतात. तोफगोळा, हातबॉम्ब, सुरुंग ‘रिकामा आहे’ असं तीन जणांनी सांगितलं तरी तो पुरावा नव्हे. स्फोटक तज्ज्ञांनी तपासून दिलेला दाखला आणि त्या दाखल्यावर त्याच वस्तूचा फोटो व क्रमांक असेल तरच तो रिकामा. दाखला नसेल तर उचलू नका, हलवू नका, खोली बंद करून तज्ज्ञांना बोलवा. जुन्या प्रथमोपचार पेट्या निरुपद्रवी वाटतात, पण त्यांत भाजण्यावरच्या पिवळ्या पट्ट्या असतील तर त्या पिक्रिक आम्लाच्या असू शकतात. हे आम्ल सुकून स्फटिक झालं की घर्षणाने भडकतं. अशी पेटी उघडूच नका. विमानांची आणि नौकांची अंधारात चमकणारी जुनी घड्याळं-मापकं बहुतेकदा रेडियमची असतात. आता ती चमकत नाहीत कारण रंगातलं झिंक सल्फाइड थकलंय. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे, त्यामुळे किरणोत्सर्ग जसाच्या तसा आहे. काच फुटलेलं मापक सीलबंद पिशवीत घाला आणि ती खोली हवेशीर ठेवा. जुन्या गॅस मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तो कोणालाही ‘घालून बघ’ म्हणू नका. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या फिल्मची रिळं नायट्रेटची असतील तर ती कपाटात पेटू शकतात. बाकी कागदांपासून ती लगेच दूर करा.

एवढं झालं की टेबल मांडा, आणि आता माझ्या मते सगळ्यांत मोठं काम: नोंद.

स्टोअरच्या लेजरची सवय इथे आड येते. लेजरमध्ये ‘तलवारी, ६ नग’ लिहिलं की हिशोब पूर्ण होतो, कारण स्टोअरला कुठल्याही सहा तलवारी चालतात. संग्रहाला चालत नाहीत. त्या सहांतली एक कोणाच्या हातून खाली पडली होती, एक शरणागतीच्या वेळी समोरच्याने दिली होती, उरलेल्या चार संचलनासाठी खरेदी केल्या होत्या. लेजरने त्या सारख्या करून टाकल्या. एकीची अदलाबदल झाली तरी नग सहाच भरतात आणि तपासणीत सगळं ठीक दिसतं. म्हणून प्रत्येक वस्तूला स्वतःचा दाखल क्रमांक: वर्ष, त्या वर्षातली कितवी आवक, त्या आवकेतली कितवी वस्तू. २०२५.३.७ असा. म्यान वेगळं होत असेल तर त्याला ७अ. क्रमांकासोबत मापं, वजन, साहित्य, सगळ्या बाजूंचे फोटो (शेजारी मापपट्टी ठेवून), आणि जिथे जिथे अक्षर, शिक्का, ओरखडा, दुरुस्ती आहे तिथला जवळून फोटो. बिगुलाचा असा एक जुना फोटो कोणी काढून ठेवला असता तर आज ते नाव आपल्याला कळलं असतं.

आणि एक रकाना हवाच: हे कोणी सांगितलं? ‘ही टोपी अमुक लढाईतली’ असं वहीत असतं, पण ते दात्याच्या पत्रात आहे, युद्ध-दैनंदिनीत आहे की चहाच्या वेळी कोणीतरी बोललं, याचा पत्ता नसतो. तीनही लिहा, पण वेगवेगळे लिहा. ‘आहे’ आणि ‘म्हणतात’ यांतला फरक पुढच्या माणसाला कळला पाहिजे. निवृत्त लोकांना बोलवा, वस्तू समोर ठेवा, रेकॉर्डर लावा आणि गप्प बसा. बंदुकीच्या दस्त्यावरच्या एका खाचेबद्दल माणूस अर्धा तास बोलतो. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. ही माणसं वयस्कर आहेत.

नोंदीची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. कारण सांगतो. १२ जुलै १९७३ च्या रात्री अमेरिकेत सेंट लुइसजवळच्या लष्करी सेवा-अभिलेख केंद्राला आग लागली. सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या सेवा-फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलाच्या सेवेतून मुक्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या फायली त्यांत गेल्या. त्यांची ना दुसरी प्रत होती, ना मायक्रोफिल्म, ना सूची, त्यामुळे नेमकं काय गेलं हेही सांगता येईना. ज्या मजल्यांवर फायली होत्या तिथे आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. वाचलेले भिजके गठ्ठे निर्वात कक्षांत सुकवावे लागले. ती पोकळी भरण्यासाठी तिथली माणसं आजही इतर कागदांतून माहिती जुळवतात. तुमची नोंदवही एकाच कपाटात असेल तर तुमची अवस्था त्या रात्रीच्या आधल्या दिवसासारखी आहे.

वस्तूवर क्रमांक टाकतानाही घाई नको. पेनने, रंगाने, चिकटपट्टीने नाही. धातू, लाकूड, चिनीमाती यांवर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा एक ठिपका, तो वाळला की त्यावर शाईने बारीक आकडा, वर पुन्हा एक थर. ॲसिटोनने तो केव्हाही काढता येतो. रंगवलेल्या पृष्ठभागावर आणि प्लास्टिकवर मात्र हे करू नका, ॲसिटोन रंग उतरवतो. तिथे सुती दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. कापडावर क्रमांक लिहिलेली सुती फीत चार सैल टाक्यांनी शिवा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिल, तीही कडेला आणि हलक्या हाताने.

मालकीचा प्रश्न लोक टाळतात. साठ्यात काही सरकारी मालमत्ता असते, काही मेसच्या किंवा पलटणीच्या निधीतून घेतलेली, काही कुटुंबांनी दिलेली, काही ‘कायमची उसनी’ ठेवलेली. ही कायमची उसनवारी फार घातक. उसनं असेल तर परत करायची तारीख लिहा, दान असेल तर दानपत्र घ्या. कुटुंबातले तीन भाऊ पुढे तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात तेव्हा तो एक कागदच उपयोगी पडतो. समोरच्या सैन्याकडून आलेल्या वस्तू, विशेषतः कोणाच्या खिशातले फोटो आणि पत्रं, वेगळ्या यादीत ठेवा. त्यांना एखाद दिवशी घरी परत जायचं असू शकतं. बुडालेल्या युद्धनौकेतल्या वस्तूंच्या बाबतीत तर कायद्याचा सल्ला आधी घ्या. नौका बुडाली म्हणून तिची मालकी संपत नाही, आणि ती बहुतेक वेळा कोणाची तरी समाधी असते. ब्रिटनने १९८६ मध्ये आणि अमेरिकेने २००४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदे केले आहेत.

गणवेश धुवायचा नाही. आधी खिसे बघायचे, तेही बोटं न खुपसता, टॉर्चने. शिवणीत अडकलेली माती, बाहीवरचा डाग, उसवलेली आणि दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेली बटणं, यांतच त्या माणसाचं आयुष्य आहे. एकदा धुतलं की तो फक्त एक जुना कोट उरतो. ट्रफाल्गरच्या १८०५ च्या नाविक लढाईतलं ‘व्हिक्टरी’ या ब्रिटिश जहाजाचं एक शीड आजही जपून ठेवलेलं आहे आणि त्यावर गोळ्यांची सुमारे ९० भोकं आहेत. ती कोणी हौसेने रफू केली असती तर त्या कापडाकडे आज कोण बघायला आलं असतं?

निशाणांच्या बाबतीत जुन्या लोकांनी फार प्रेमाने फार नुकसान केलंय. बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यावर १८१४ मध्ये फडकलेला अमेरिकेचा प्रसिद्ध ध्वज घ्या. आधीच लोकांनी आठवण म्हणून त्याचे तुकडे कापून नेले होते. मूळची ४२ फूट लांबी ३४ फुटांवर आली. १९१४ मध्ये तज्ज्ञ शिवणकाम करणाऱ्या बायकांनी तो तागाच्या अस्तरावर सुमारे १७ लाख टाक्यांनी शिवला. त्या काळी ते उत्तम काम होतं आणि त्यामुळे ध्वज टिकलाही. पण पुढे तेच अस्तर त्याला जड झालं, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीला संवर्धकांना ते लाखो टाके एक एक करून कापून काढावे लागले. आता तो मंद उजेडात, थोड्या तिरक्या पृष्ठभागावर आडवा ठेवलेला आहे. यातून आमच्या कामाचा नियम निघतो: जे काही कराल ते पुढच्याला उलटवता आलं पाहिजे. म्हणून निशाण टांगू नका. आम्लविरहित कागदात गुंडाळलेल्या रुंद नळीवर ते सैल गुंडाळा किंवा सपाट ठेवा. कापड, कागद, पदकांच्या फिती यांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको, आणि खिडकीचं ऊन तर अजिबात नको. लोकरीत कसर दिसली तर फवारा मारू नका. कपडा पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. मात्र त्या कपड्यावर धातू, रंग किंवा चामडं जोडलेलं असेल तर आधी विचारा.

पदकं लोकरी फेल्टवर लावायची पद्धत आहे. लोकरीतून निघणाऱ्या गंधकाने चांदी काळी पडते, मग ती घासली जाते, मग राजाचा चेहरा आणि कडेवरचं नाव झिजतं. फेल्ट काढा, सुती कापड लावा, घासण्याची गरजच उरणार नाही. तसंच शिशाचं: जुन्या गोळ्या लाकडी खणात ठेवल्या की लाकडातल्या आम्लाच्या वाफेने त्यांवर पांढरी भुकटी धरते. त्या पॉलिथिनच्या डबीत हलवा. आणि ती भुकटी हाताला लागू देऊ नका, विषारी असते.

तुमच्या यादीत मला खरी काळजी समुद्रातून आलेल्या लोखंडाची आहे. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा घटक, धातूत खोलवर मुरलेलं असतं. वस्तू सुकली की ते जागं होतं आणि लोखंड आतून पापुद्र्यांनी फुटतं. ब्रिटिश नौदलाची पहिली पाणबुडी ‘हॉलंड १’ हे याचं उदाहरण. १९०१ मध्ये ती पाण्यात उतरली, १९१३ मध्ये भंगारात काढायला ओढून नेताना बुडाली, १९८१ मध्ये सापडली आणि पुढच्या वर्षी वर काढली गेली. गंजरोधक लेप देऊन ती गॉस्पोर्टच्या संग्रहालयात मांडली. सगळ्यांना वाटलं, काम झालं. दहा-बारा वर्षांत गंज पुन्हा फुटून बाहेर आला. शेवटी तिच्याभोवती टाकी बांधून सबंध पाणबुडी १९९५ पासून चारेक वर्षं सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून ठेवावी लागली, आणि मग २००१ पासून नियंत्रित हवेच्या इमारतीत. वरून लावलेला रंग आतलं मीठ काढत नाही.

म्हणून तुमच्या वस्तू अजून ओल्या असतील तर ओल्याच ठेवा. झाकणाच्या प्लास्टिक पेटीत, पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात, लोखंड वेगळं, लाकूड-चामडं वेगळं, पितळ वेगळं. उन्हात वाळवणं म्हणजे त्या गमावणं. द्रावणं स्वतः बनवू नका, संवर्धन प्रयोगशाळेला लिहा. वस्तू आधीच सुकल्या असतील आणि त्यांवर तपकिरी घामासारखे थेंब येत असतील, तर गंज चालू आहे. हवाबंद डबा, ओल शोषणारं भरपूर सिलिका जेल, आत आर्द्रतेची पट्टी, आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या खाली. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा भरायचं, हे काम ड्युटी रोस्टरवर नावानिशी टाका.

तोफेचं त्या मानाने सोपं आहे. तोंडाला बूच, पण हवा खेळती राहील असं. नळी किंचित पुढे झुकलेली, म्हणजे पाणी साचणार नाही. चाकं मातीत न टेकता ठोकळ्यांवर. पक्ष्यांची घरटी दर महिन्याला तपासायची. नवा रंग देण्याआधी जुन्या थरांचा एक छोटा चौकोन पायरीपायरीने उघडून फोटो काढा, खालचा मूळ रंग आणि तुकडीची खूण तिथेच सापडते. कोणी आणखी एक रणगाडा किंवा विमान देऊ केलं तर मात्र लगेच हो म्हणू नका. मोठी वस्तू दर वर्षी खर्च मागते. भारतीय नौदलाची जुनी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली, संग्रहालय म्हणून ती टिकावी असं कितीतरी लोकांना मनापासून वाटत होतं, आणि तरीही २०१४ मध्ये ती भंगारात गेली. जे पेलणार नाही ते ताब्यात न घेणं हासुद्धा अभिरक्षकाचाच निर्णय आहे, आणि तो लेखी धोरणात असला की पुढच्या माणसाला आग्रह मोडणं सोपं जातं.

पाहणीच्या दिवशी काय दाखवायचं, ते सांगतो. खोली झाडून स्वच्छ करा. खोली, वस्तू नव्हे. टेबलावर पांढरं सुती कापड अंथरा. त्यावर एकच वस्तू आणि शेजारी तिची पूर्ण फाईल: क्रमांक, फोटो, मालकीचा कागद, कोणी काय सांगितलं, आत्ताची स्थिती. वरिष्ठांना सांगा की उरलेल्या सगळ्या वस्तूंचं असं करायला किती महिने आणि किती माणसं लागतील. मी आजवर ज्यांच्यापुढे हे केलं त्यांपैकी कोणीही ‘ही चमकत का नाही’ असं विचारलं नाही.

आणि तुमची बदली ठरली की सह्या करून चार्ज देऊन मोकळे होऊ नका. नव्या माणसासोबत निदान दोन दिवस कपाटन् कपाट फिरा. कुठला खण दमट असतो, सिलिका जेल कुठे तापवायचं, कुठल्या कुटुंबाला दर वर्षी फोन करायचा, कुठल्या डब्याला हात लावायचा नाही, हे त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. त्या बिगुलाच्या पेटीत मी एक कार्ड दोऱ्याने बांधून ठेवलं होतं. त्यावर त्या पुसट अक्षरांचा मोठा फोटो आणि खाली: ‘टॉर्च आडवी धरून बघा. इथे एका माणसाचं नाव आहे. घासू नका.’ माझ्यानंतर तिथे चार जण येऊन गेले. मागच्या भेटीत पेटी उघडली, बिगूल छान काळवंडला होता, आणि कार्डावर चौघांच्याही सह्या होत्या.